सिमेंटच्या पत्र्यांमधलं ॲस्बेस्टॉस उपग्रहचित्रं आणि एआयच्या मदतीने कसं शोधायचं

आपल्या हद्दीत ॲस्बेस्टॉसची छपरं किती आणि कुठे आहेत, असं एखाद्या शहराला विचारलं तर बहुतेक ठिकाणी नेमकं उत्तर मिळत नाही. पत्रे बसवले तेव्हा कुणी नोंद ठेवली नाही. जिथे ठेवली तिथे इमारती विकल्या गेल्या, वाढवल्या गेल्या आणि ती नोंद निकामी झाली. घरोघर फिरून पाहणी करायची तर वर्षं जातात. तोवर पत्रे झिजत राहतात, कुणीतरी नकळत त्यांना ड्रिलने भोकं पाडतं, वादळात फुटलेले तुकडे मुलं खेळतात तिथेच पडून राहतात.

हे शोधणं किती निकडीचं आहे ते दोन गोष्टींवरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी आलेल्या संपर्कामुळे जगभरात दरवर्षी 2,00,000 हून अधिक माणसं दगावतात. आणि मेसोथेलिओमा हा छातीच्या आवरणाचा कॅन्सर ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासावाटे गेल्यानंतर बहुधा 20 ते 40 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा उघड होतो. म्हणजे आज फुटलेल्या पत्र्याचा हिशेब पुढच्या पिढीच्या दवाखान्यात लागतो.

उपग्रहचित्रं आणि मशीन लर्निंग (उदाहरणं दाखवून संगणकाला ओळखायला शिकवणं) वापरून संशयित छपरांची यादी तयार करणं आता चार-पाच जणांच्या गटालाही जमण्यासारखं आहे. स्थानिक प्रशासनातले नकाशा विभाग, संशोधक, कामगार संघटना, आपत्तीनंतर मदतीला जाणारे गट अशा सगळ्यांना चालेल अशी पद्धत पुढे पायरीपायरीने दिली आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की धरा. कुठलं छप्पर आधी तपासायला जायचं एवढंच ही पद्धत सांगते. एखाद्या छपरात ॲस्बेस्टॉस आहे की नाही याचा निकाल ती देत नाही. तो प्रयोगशाळाच देते. पुढची प्रत्येक पायरी याच मर्यादेला धरून आखली आहे.

काय सापडेल, काय सापडणार नाही

ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा हा या पद्धतीचा मुख्य विषय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या लुडविग हातशेक यांनी सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसच्या तंतूंपासून पातळ, मजबूत पत्रे करायची पद्धत काढली आणि पुढची अनेक दशकं हे पत्रे जगभर कारखाने, गोठे, शाळा, गोदामं आणि घरांवर चढले. अशा पत्र्यात साधारण 10 ते 15 टक्के तंतू असतात, बहुतेक वेळा क्रायसोटाइल म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस. बाकी सगळं सिमेंट. पत्रा धड असताना तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. पाऊस, ऊन आणि शेवाळ वरचा सिमेंटचा थर खात जातात तसे ते मोकळे होतात.

इमारतीच्या आत जे आहे ते आकाशातून दिसणार नाही. पाइपांवरचं वेष्टण, फरशीच्या टाइल्स, आतलं छत, भिंतींतले बोर्ड हे सगळं नजरेआड. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा परिसरात 1960 आणि 70 च्या दशकांत हजारावर घरांच्या छतपोकळीत सुट्टं ॲस्बेस्टॉस उष्णतारोधक म्हणून भरलं गेलं होतं. वरून पाहिलं तर ती घरं इतर घरांसारखीच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. तिथे प्रश्न ॲस्बेस्टॉसचा नव्हता; घातक ठरलं ते बाहेरच्या भिंतींवर चढवलेलं, पॉलिएथिलीनचा गाभा असलेलं आवरण, आणि उपग्रहाला भिंती जवळजवळ दिसतच नाहीत. अशा साहित्यासाठी रस्त्यावरून काढलेले फोटो आणि इमारतींच्या नोंदी वापराव्या लागतात. स्वीडनमध्ये संशोधकांनी पाडकामाआधीच्या तपासणी अहवालांवरून आणि इमारतीच्या वयासारख्या माहितीवरून, एकही चित्र न वापरता, कुठल्या इमारतीत घातक साहित्य असण्याची शक्यता आहे याची मॉडेलं बनवली आहेत. तेव्हा तुमचा प्रश्न छपराचा आहे की छपराखालचा, हे आधी ठरवा. छपराखालचा असेल तर चित्रांवर पैसे घालवू नका.

पायरी 1: प्रकाश काय सांगतो ते समजून घ्या

क्रायसोटाइलमधला मॅग्नेशियम आणि हायड्रॉक्सिलचा बंध 2.32 ते 2.33 मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो. हीच त्याची ओळख. 1.38 मायक्रोमीटरजवळ आणखी एक खूण आहे, पण तिथला प्रकाश हवेतली वाफच खाऊन टाकते, त्यामुळे आकाशातून तिचा उपयोग नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात ॲस्बेस्टॉसची अशी कुठलीही खूण नाही. तिथे पत्रा फक्त करडा दिसतो.

म्हणून वाटा दोन. पहिली वर्णपटाची: शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लहरींच्या प्रकाशात, ती 2.33 ची खूण शोधायची. दुसरी रूपाची: रंग, पोत, सांधे, शेवाळ यावरून छपराचा प्रकार ओळखायचा.

पहिली वाट ऐकायला जास्त खात्रीची वाटते आणि विमानातून उडवलेल्या उपकरणांनी तिने चांगलं कामही केलं आहे. इटलीत 102 बँडच्या, म्हणजे प्रकाशाचे 102 पट्टे वेगवेगळे टिपणाऱ्या, मिव्हिस सेन्सरने ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या छपरांचे नकाशे केले गेले. सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यावर नासाचं एव्हिरिस हे उपकरण त्या भागावरून उडवलं गेलं आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने धुळीतल्या खनिजांचा माग त्याच पद्धतीने काढला, सोबत जमिनीवरून नमुनेही गोळा केले.

उपग्रहावर आलं की अडचण पिक्सेलची, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान चौकोनाची होते. इटलीचा प्रिस्मा आणि जर्मनीचा एनमॅप हे शेकडो बँड देतात, पण त्यांचा पिक्सेल 30 मीटरचा. त्यात एक घर, अंगण, रस्ता आणि शेजाऱ्याचं झाड सगळं एकत्र मिसळतं. सेंटिनेल-2 ची चित्रं फुकट आहेत, मात्र त्याचा शेवटचा शॉर्टवेव्ह बँड 2.19 मायक्रोमीटरभोवती आहे, 2.33 पर्यंत तो पोचतच नाही, आणि तिथला पिक्सेल 20 मीटरचा. वर्ल्डव्ह्यू-3 हा 2014 मध्ये सोडलेला व्यावसायिक उपग्रह यात सर्वांत उपयोगी. त्याचे आठ शॉर्टवेव्ह बँड 3.7 मीटरच्या पिक्सेलचे आहेत आणि शेवटचा बँड बरोबर 2.33 भोवती येतो.

तरी हिशेब करून पाहा. 10 बाय 6 मीटरचं छप्पर घेतलं तर क्षेत्रफळ 60 चौरस मीटर, एक पिक्सेल 13.7 चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम चार पिक्सेल. रुंदीत दीड पिक्सेलच बसतो, त्यामुळे कडेची सरमिसळ नसलेला निखळ पिक्सेल एखादा मिळाला तर मिळाला. दुसरी अडचण रसायनाची. सिमेंट जुनं होताना त्यात कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि कार्बोनेटही 2.34 च्या आसपासच प्रकाश शोषतं. त्या पलीकडे वर्ल्डव्ह्यू-3 ला बँडच नाही, त्यामुळे प्रकाश नेमका 2.33 ला शोषला गेला की 2.34 ला, ते वेगळं काढता येत नाही. जुनं काँक्रीट आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा इथेच एकमेकांत गुंततात. वरून छपरावर शेवाळ किंवा दगडफूल चढलं असेल तर खालचा पत्रा झाकूनच जातो.

माझं मत असं आहे: मोठी औद्योगिक छपरं शोधायची असतील आणि पैसे असतील तर वर्णपटाची वाट धरा. लहान घरांसाठी रूपाची वाट धरा, त्यात शक्य तेवढी इतर माहिती घाला. पोलंडमधल्या संशोधकांनी हवाई छायाचित्रांवर कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क (चित्रांतले नमुने ओळखायला शिकणारी एआयची रचना) चालवून, आणि कॅटालोनियाच्या मुक्त विद्यापीठातल्या गटाने साध्या रंगीत चित्रांवर डीप लर्निंग वापरून हीच वाट चोखाळली आहे.

पायरी 2: चित्र निवडा, आणि घेण्याआधी चार गोष्टी तपासा

रूपावरून ओळखायचं तर किती बारीक चित्र लागतं? पन्हळी पत्र्याच्या दोन लाटांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी 146 किंवा 177 मिलिमीटर असतं. लाटा चित्रात उमटायच्या तर पिक्सेल त्याच्या निम्म्याहून लहान हवा, म्हणजे सात-साडेसात सेंटिमीटरच्या आत, आणि खरं तर 3 ते 5 सेंटिमीटर. एवढं ड्रोन देतो, उपग्रह देत नाही. 30 सेंटिमीटरच्या उपग्रहचित्रात लाटा दिसणार नाहीत. तिथे दिसतो तो मंद, न चमकणारा करडा रंग, पत्र्यावर पत्रा चढतो तिथल्या आडव्या सांध्यांच्या पुसट रेघा, वळचणीकडे आणि झाडाच्या बाजूला गडद झालेलं शेवाळ, आणि मध्येच बदललेल्या एखाद्या पत्र्याचा उजळ चौकोन. 10 ते 25 सेंटिमीटरची हवाई छायाचित्रं मिळत असतील तर ती उपग्रहापेक्षा सरस. अनेक देशांत सरकारी नकाशासंस्था ती मोफत किंवा मागणीवर देतात, आधी तिथे चौकशी करा.

तपासायच्या चार गोष्टी:

पहिली, कोन. उपग्रह सरळ खाली पाहत नसेल तर उंच इमारतीचं छप्पर तिच्या पायापासून सरकलेलं दिसतं. किती, ते उंचीला कोनाच्या टँजंटने गुणून मिळतं. 20 मीटर उंचीची इमारत 20 अंशांतून टिपली तर छप्पर 7 मीटरहून जास्त सरकतं. पाच मीटरची शेडसुद्धा 1.8 मीटर, म्हणजे 30 सेंटिमीटरचे सहा पिक्सेल. शक्यतो 15 अंशांच्या आतलं चित्र घ्या.

दुसरी, तारीख. तीन वर्षांपूर्वीच्या चित्रातलं छप्पर आज बदललेलं असू शकतं, किंवा त्यावर सौर पॅनेल बसलेले असू शकतात. नोंदीत प्रत्येक छपरापुढे चित्राची तारीख लिहिलीच पाहिजे.

तिसरी, ऊन आणि ओल. सूर्य खाली असला की सावल्या छपरं गिळतात. पावसानंतरचा ओला पत्रा गडद दिसतो आणि शॉर्टवेव्हमध्ये तर पाणी सगळी खूण पुसून टाकतं. कोरड्या दिवसांचं, झाडांची पानं कमी असतानाचं चित्र सगळ्यात चांगलं.

चौथी, परवाना. इंटरनेटवर सहज दिसणारे नकाशे एआय शिकवण्यासाठी डाउनलोड करायची परवानगी सहसा नसते. अटी वाचा आणि लेखी परवानगी जपून ठेवा. आपत्तीनंतर काही कंपन्या आणि संस्था चित्रं खुली करतात, ती वापरता येतात.

चित्राला निकट-इन्फ्रारेड (दिसणाऱ्या लाल प्रकाशाच्या लगेच पलीकडचा) बँड असेल तर तो जरूर घ्या. शेवाळ आणि पाला त्यात उठून दिसतात आणि करड्या पत्र्यापासून वेगळे काढता येतात.

पायरी 3: इमारतींच्या बाह्यरेषा आणि बांधकामाचं वर्ष

सगळं चित्र मॉडेलपुढे टाकण्यापेक्षा आधी इमारती वेगळ्या करा. ओपनस्ट्रीटमॅप, गूगलचा ओपन बिल्डिंग्ज आणि मायक्रोसॉफ्टचा इमारतींचा साठा यांतून बाह्यरेषा मिळतात. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या चित्रावर ठेवून पाहा. सरकलेल्या असतील तर आधी सरळ करून घ्या, नाहीतर मॉडेल छपराऐवजी अंगण शिकेल.

आता वर्ष. हा आकडा मिळवायला जेवढे कष्ट पडतील तेवढे घ्या, कारण चित्र जे सांगू शकत नाही ते हा सांगतो. बंदीनंतर त्याच आकाराचे, त्याच रंगाचे पत्रे सेल्युलोज किंवा कृत्रिम तंतू घालून बनू लागले. 30 सेंटिमीटरच्या चित्रात ते आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे तंतोतंत सारखे दिसतात, आणि जगातलं कुठलंही मॉडेल नुसत्या रंगीत चित्रावरून ते वेगळे करू शकणार नाही. छप्पर कधी चढलं एवढंच कामी येतं. इटलीने 1992 मध्ये बंदी घातली, पोलंडने 1997 मध्ये, ऑस्ट्रेलियात 31 डिसेंबर 2003 पासून संपूर्ण बंदी आली आणि युरोपीय संघात 1 जानेवारी 2005 पासून. तुमच्या देशातली तारीख शोधा, आणि तिच्यापुढे एक-दोन वर्षांची सवलत धरा, कारण गोदामात पडून राहिलेला जुना माल बंदीनंतरही बसवला गेलेला असू शकतो. बंदीच नसेल तर मात्र वर्षाचा काही उपयोग नाही. तिथे सिमेंटचा प्रत्येक पत्रा संशयितच धरा.

इमारतीचं वर्ष आणि छपराचं वर्ष एक नसतं, हेही लक्षात ठेवा. जुनी हवाई छायाचित्रं मिळाली तर तेच छप्पर सर्वांत आधी कुठल्या वर्षीच्या चित्रात दिसतं ते पाहता येतं. हा पुरावा कागदावरच्या बांधकाम परवान्यापेक्षा भरवशाचा.

पायरी 4: लेबलं, म्हणजे या कामाचा पाया

या कामात सगळ्यात जास्त वेळ लेबलांना, म्हणजे मॉडेलला शिकवण्यासाठी कुठल्या छपरावर ॲस्बेस्टॉस आहे-नाही या नोंदींना, द्या. मॉडेल कुठलं निवडलं यापेक्षा लेबलं किती खरी आहेत यावर निकाल ठरतो.

लेबलांचे तीन दर्जे करा आणि ते कधीही एकत्र मिसळू देऊ नका. पहिला: प्रयोगशाळेत तपासलेला नमुना. दुसरा: प्रशिक्षित तपासनिसाने जागेवर जाऊन केलेली नोंद. तिसरा: चित्र पाहून केलेला अंदाज. पहिले दोन सरकारी नोंदवह्या, पाडकामाचे अहवाल, काढून टाकलेल्या छपरांचे परवाने यांतून मिळतात. पोलंडसारख्या देशात, जिथे 2032 पर्यंत सगळं ॲस्बेस्टॉस काढायचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, अशा नोंदींचा साठाच आहे. तिसऱ्या दर्जाची लेबलं शिकवताना वापरली तर चालतील, परीक्षेला कधीच नाही. तुमच्याच अंदाजाने तुमच्याच मॉडेलची परीक्षा घेतली तर गुण भरपूर मिळतील आणि अर्थ शून्य.

"आहे" आणि "नाही" यांच्या जोडीला "सांगता येत नाही" हे तिसरं लेबल ठेवाच. दोन माणसांनी एकमेकांचं न पाहता लेबल लावावं आणि जिथे मतभेद होतील ती छपरं वेगळी काढून तिसऱ्या माणसाने पाहावीत. मतभेद कुठे होतात तिथेच शिकायचं असतं. बहुधा ते धूळ बसलेला जस्ताचा पत्रा, करडा रंग मारलेलं धातूचं छप्पर, जुनं काँक्रीट आणि बंदीनंतरचा तंतू-सिमेंट या चार प्रकारांत असतात. या चारही प्रकारांची उदाहरणं "नाही" गटात मुद्दाम भरपूर गोळा करा. लाल कौलं आणि ॲस्बेस्टॉस यांतला फरक मॉडेलला कोणीही शिकवू शकतं. खरा प्रश्न करड्या आणि करड्यातला आहे.

लेबलाची तारीख आणि चित्राची तारीख जुळते का, हेही एकेक करून तपासा. नोंदवहीत "आहे" आणि चित्र त्यानंतरचं, मधल्या काळात छप्पर बदललं, अशी उदाहरणं मॉडेलला उलटं शिकवतात.

सुरुवातीला "आहे" गटातली निदान काही शे छपरं हवीत. त्याहून कमी असतील तर न्यूरल नेटवर्कच्या नादी लागू नका.

पायरी 5: मॉडेल

पहिलं मॉडेल साधं ठेवा. प्रत्येक छपरासाठी प्रत्येक बँडची मध्यक किंमत, पोताची दोन-चार मापं, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष अशी एक ओळ बनवा आणि त्यावर रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मत एकत्र घेणारी साधी पद्धत) चालवा. एका दिवसात होतं. पुढचं कुठलंही भारी मॉडेल याच्यापेक्षा स्पष्टपणे सरस नसेल तर त्याचा खर्च करायचं कारण नाही.

मग प्रत्येक इमारतीभोवती दोन-तीन मीटरची जागा सोडून चौकोनी तुकडा कापा, बाह्यरेषेचा मुखवटा (कुठला पिक्सेल छपराचा आणि कुठला बाहेरचा ते सांगणारा थर) वेगळा चॅनेल म्हणून जोडा आणि इतर चित्रांवर आधीच शिकलेलं रेझनेट किंवा एफिशियंटनेट हे न्यूरल नेटवर्क पायटॉर्च या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या लेबलांवर पुन्हा शिकवा. एकाच इमारतीवर दोन-तीन प्रकारची छपरं असतील, म्हणजे मूळ घर आणि नंतर जोडलेली शेड, तर यू-नेटसारखं पिक्सेलनिहाय वर्गीकरण लागतं. पण तशी लेबलं रंगवायला कितीतरी पट वेळ जातो, म्हणून ते दुसऱ्या फेरीत करा.

शिकवताना चित्रं फिरवणं, उलटी करणं चालेल. रंगांशी खेळताना हात आखडता घ्या. मॉडेल रंगाच्या मंदपणावर बरंच विसंबून असतं आणि तुम्हीच रंग जोरात बदलत राहिलात तर ती खूण हातची जाते. चित्र लहानमोठं करणंही टाळा, कारण सांध्यांमधलं अंतर हीसुद्धा खूणच आहे.

शिकून झालं की मॉडेल कुठे पाहून निर्णय घेतं ते ग्रॅड-कॅमसारख्या साधनाने तपासा. ते छपरावर न थांबता शेजारच्या मोकळ्या आवारावर थांबत असेल, तर ते ॲस्बेस्टॉसऐवजी "जुना कारखाना" शिकलं आहे. दुसऱ्या गावात ते कोसळेल.

पायरी 6: परीक्षा, आणि आकड्यांना न भुलणं

शेजारशेजारची छपरं बहुधा एकाच वर्षी, एकाच ठेकेदाराने, एकाच मालातून बांधलेली असतात. काही शिकवायला आणि काही परीक्षेला अशी सरमिसळ करून वाटली तर परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो. म्हणून शहराचे अर्धा ते एक किलोमीटरचे चौकोन पाडा आणि अख्खा चौकोन एकाच बाजूला ठेवा. त्याहून उत्तम, एक संपूर्ण वेगळं गाव आणि वेगळ्या दिवसाचं चित्र परीक्षेसाठी राखून ठेवा.

आता हा हिशेब नीट पाहा. 10,000 इमारती आहेत, त्यांतल्या 500 वर ॲस्बेस्टॉस आहे. तुमचं मॉडेल त्यांतल्या 90 टक्के पकडतं, म्हणजे 450. उरलेल्या 9,500 निर्दोष छपरांपैकी फक्त 5 टक्क्यांवर ते चुकून बोट ठेवतं, म्हणजे 475. एकूण 925 छपरांवर खूण झाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक चुकीची. अचूकता विचारली तर हे मॉडेल जवळजवळ 95 टक्के अचूक आहे! हाच आकडा बातमीत छापून येतो. पण खुणा केलेल्या छपरांपैकी खरी किती, आणि खऱ्यांपैकी हातून निसटलेली किती, हे दोनच आकडे तुमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर असले पाहिजेत.

मॉडेल प्रत्येक छपराला 0 ते 1 मधला आकडा देतं. त्याने दिलेला 0.8 हा आकडा खरोखर 80 टक्के शक्यता सांगतो का, तेही परीक्षेच्या गटावर पडताळून दुरुस्त करून घ्या. मग तीन पातळ्या करा: दाट शक्यता, अनिश्चित, कमी शक्यता. "ॲस्बेस्टॉसमुक्त" ही पातळी ठेवू नका. तसं म्हणण्याचा अधिकार या पद्धतीला नाही, आणि तो शब्द वाचून उद्या कुणीतरी निर्धास्तपणे करवत चालवेल.

पायरी 7: जमिनीवर पडताळणी

बहुतेक गट मॉडेलने खूण केलेली छपरंच तपासतात आणि त्यामुळे निसटलेली छपरं त्यांना कधीच कळत नाहीत. तिन्ही पातळ्यांमधून चिठ्ठ्या टाकून नमुने निवडा. वरच्या उदाहरणात खूण न झालेली सगळी छपरं "कमी शक्यता" गटात धरली तर ती 9,075 होतात आणि त्यांत 50 दडलेली आहेत. तिथली 300 छपरं तपासली आणि एकही सापडलं नाही, तरी एवढंच म्हणता येतं की त्या गटातलं प्रमाण बहुधा 1 टक्क्याच्या आत आहे, म्हणजे नव्वदेक छपरं अजूनही असू शकतात. हा आकडा अहवालात जसाच्या तसा लिहा.

पडताळणी करताना जीव सांभाळणं सगळ्यात आधी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. तो वजन पेलत नाही, आणि पत्र्यातून खाली पडून दरवर्षी कामगार मरतात. वर पाहायचं असेल तर ड्रोन वापरा. साधा कॅमेरा असलेला ड्रोन 60 ते 80 मीटर उंचीवरूनही 3 सेंटिमीटरच्या आतला पिक्सेल देतो, म्हणजे पन्हळी मोजता येतात. उडवण्याची परवानगी आणि रहिवाशांची संमती आधी घ्या.

नमुना घेणं हे प्रशिक्षित माणसाचं काम. तो पत्रा आधी ओला करतो, योग्य दर्जाचा श्वसनमास्क आणि फेकून द्यायचे कपडे घालतो, लहानसा तुकडा दुहेरी पिशवीत बंद करतो आणि उघडी पडलेली कड सील करतो. प्रयोगशाळा तो पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपखाली, गरज पडल्यास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहते. तुमच्या स्वयंसेवकांनी तुकडा तोडून आणायचा नाही, खाली पडलेलाही उचलायचा नाही.

पडताळणीचे निकाल पुन्हा लेबलांत घाला आणि मॉडेल परत शिकवा. अनिश्चित गटातले निकाल यात सगळ्यात मोलाचे.

पायरी 8: यादीचं काय करायचं

हा भाग मला तांत्रिक भागाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पत्त्यांसह नकाशा सरळ इंटरनेटवर टाकला तर काय होतं याचा विचार करा. निम्म्या खुणा चुकीच्या असू शकतात. घराची किंमत पडते, भाडेकरूवर घर सोडायची वेळ येते, आणि घाबरलेला मालक रात्रीतून पत्रे फोडून ओढ्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकून मोकळा होतो. छपरावर धड असलेला पत्रा त्या ढिगापेक्षा कितीतरी कमी धोक्याचा होता. म्हणून नकाशा बाहेर पडण्याआधी पत्रे सुरक्षित काढणारे लोक, कचरा स्वीकारणारी जागा आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी मदत या तीन गोष्टी उभ्या हव्यात. नेदरलँड्समध्ये 2024 पासून ॲस्बेस्टॉसच्या छपरांवर बंदी आणायचा कायदा 2019 मध्ये वरिष्ठ सभागृहाने फेटाळला, आणि लोकांना हा खर्च झेपेल का, हा तिथे कळीचा मुद्दा होता.

रहिवाशांना पहिला निरोप पत्राने किंवा प्रत्यक्ष भेटून द्या. त्यात "शक्यता" हा शब्द ठळक असावा, आणि लगेच काय करायचं नाही ते सांगा: घासू नका, ड्रिल करू नका, उच्च दाबाच्या पाण्याने धुऊ नका, स्वतः काढू नका. सार्वजनिक नकाशा हवाच असेल तर तो वॉर्ड किंवा चौकोनानुसार एकत्रित आकड्यांचा ठेवा.

प्राधान्य ठरवताना मॉडेलच्या आकड्याला छपराची अवस्था आणि खाली कोण राहतं याची जोड द्या. शेवाळाने खाल्लेलं, तुकडे सुटलेलं शाळेचं छप्पर 0.6 वर असलं तरी बंद गोदामाच्या 0.95 च्या आधी तपासलं गेलं पाहिजे.

यादी वर्षातून एकदा नव्या चित्राशी ताडून पाहा. जी छपरं बदललेली दिसतील त्यांच्यासमोर एक रकाना ठेवा: काढण्याची नोंद आणि कचरा पोचल्याची पावती आहे का? नसेल तर पत्रे कुठे गेले ते शोधायला त्याच आठवड्यात माणूस पाठवा, आणि नव्या चित्रात आसपासच्या मोकळ्या जागांवर करड्या तुकड्यांचे ढीग दिसतात का तेही पाहून घ्या.